बिनवायरचं बटण

काल खिळ्यांच्या डब्यात एक काळं, गोल बटण हाताला लागलं. एका बाजूने अंगठ्याने घासून खोलगट झालेलं.

तालुक्याच्या थिएटरातल्या प्रोजेक्टरचं ते बटण. व्होल्टेज पडलं की मोटर मंदावायची आणि पडद्यावर गाणाऱ्या बाईचा आवाज घोगरा व्हायचा. पण प्रेक्षकांना कळायच्या आत ऑपरेटर दत्तूकाका हे बटण फिरवून वेग सावरायचे. सगळं कानावर.

मी तिथे इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बसवायला गेलो होतो. मोटरच्या फेऱ्या तो स्वतःच मोजतो. कमी पडल्या तर वीज वाढवतो, जास्त झाल्या तर आवरतो. सेकंदाला बरोबर चोवीस चित्रं. "आता तुम्ही निवांत बसा," असं म्हणत मी बटण उपटलं.

काका म्हणाले, "वायर नका जोडू, पण बटण तेवढं राहू द्या. हाताला सवय आहे."

मला हसूच आलं. बिनवायरचं बटण कशाला? मी ते खिशात टाकलं, भोकावर पत्रा ठोकला आणि चाचणीला गाणं लावलं. व्होल्टेज पडलं, तरी आवाज जराही हलला नाही. मी खूश. काकांचा अंगठा मात्र त्या कोऱ्या पत्र्यावर फिरत होता.

कंट्रोल चांगलाच होता. आजही मी तोच बसवीन. पण बटण राहिलं असतं तर माझं काय जाणार होतं?

काल त्या खोलगट जागेवर अंगठा ठेवून पाहिला. माझा बसला नाही.