एक्कावन्न टक्के

गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात मी तपासणी विभाग सांभाळत होते. तिथे पंपांचे शाफ्ट बनत. नव्या मशिनांसाठी एक परदेशी कंपनी मालकांना पैसे देणार होती आणि बदल्यात शेअर घेणार होती. रक्कम ठरली होती, शेअरचा भाव ठरायचा होता. भाव चांगला आला तर चाळीस टक्क्यांत भागणार होतं. पडला तर तेवढ्याच पैशांसाठी निम्म्याहून जास्त कंपनी द्यावी लागणार होती, आणि मालक नावापुरते उरणार होते. हे त्यांनीच मला कागदावर मांडून दाखवलं होतं.

भाव ठरवण्याआधी कारखाना बघायला त्या कंपनीचे पाहुणे आले ते नेमके दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. मशिनांवरच्या झेंडूच्या माळा त्यांना आवडल्या, फोटोही काढले. मग त्यांच्या इंजिनिअरने माझ्या टेबलावरचा जाडी मोजायचा मायक्रोमीटर उचलला आणि मध्ये काही न धरता मिटवला. शून्य यायला हवं होतं. आलं नाही. त्याने जबड्यात बोट फिरवलं. बोट लाल झालं.

ते कुंकू मी लावलं होतं. हत्यारांची पूजा माझ्याकडे असे. दरवर्षी मी मायक्रोमीटरच्या पेटीला कुंकवाचं बोट टेकवायचे. त्या वर्षी घाईत पेटी उघडीच राहिली, ओलं कुंकू आत गेलं, आणि सकाळी मी तपासलं नाही.

आमचे एक जुने ऑपरेटर पुढे झाले. "पान्यान पुसतो ना मी, बाय! देवाला झिरो काय ठावं?"

कोणी हसलं नाही.

इंजिनिअरने विचारलं, "आज या मायक्रोमीटरने काय मोजलं?"

मालक चेहऱ्यावरचं हसू ढळू न देता मराठीत म्हणाले, "बाई, सकाळच्या लॉटचं बोलू नका. संध्याकाळी बघू."

सकाळी त्याच मायक्रोमीटरने मोजलेल्या शाफ्टचा लॉट पॅक होऊन दाराशी उभा होता. गाडी दुपारीच येणार होती, हे त्यांनाही ठाऊक होतं.

"कुंकवाचा थर मापात धरला जाऊन शाफ्ट बारीक गेले असतील तर पंप गळतील, साहेब."

"आणि माझी कंपनी गेली तर?"

मी इंजिनिअरला खोकी दाखवली. चूक माझी आहे, हेही सांगितलं.

खोकी फोडली. एकेक शाफ्ट दुसऱ्या मायक्रोमीटरने मोजला. दोन तास मालक खाली बसले नाहीत. बरेचसे शाफ्ट मापात होते. काही नव्हते. इंजिनिअरने सगळं लिहून घेतलं.

पुढच्या महिन्यात पत्र आलं. पैसे तेवढेच, हिस्सा एक्कावन्न टक्के. मालकांनी बोलावलं तेव्हा मी राजीनामा लिहूनच नेला होता.

"ठेवा तो पर्समध्ये," ते म्हणाले. "आता तुम्हाला काढायचं तरी त्यांना विचारावं लागेल."

त्यांनी करारावर सही केली. परदेशी नाव पाटीवर लागलं आणि पूर्वी आम्हाला गेटवरूनच परतवणारे मोठे ग्राहक स्वतः फोन करू लागले. दोनेक वर्षांत मालकांच्या उरलेल्या हिश्श्याचं मोल आधीच्या अख्ख्या कंपनीपेक्षा जास्त झालं. लग्नकार्यात ते हे आवर्जून सांगत. कारखान्यात मात्र ते केबिनमधून गाडीत आणि गाडीतून केबिनमध्ये जात. माझ्या टेबलापाशी ते पुन्हा कधी थांबले नाहीत.