आज नाही चढणार

शिलाईबाईंचा डावा पाय लहानपणीच्या तापात वाळला होता. काखेत कुबडी आणि गळ्यात टेप अडकवून त्या गल्लीभर हिंडत. कपड्यांची मापं घेता घेता कुणाच्या आतल्या खोलीत कोण बसून आहे, हे त्यांना आपोआप कळायचं. म्हणून अपंगांच्या नोंदणीचं काम निघालं, तेव्हा ते त्यांनी आपणहून अंगावर घेतलं.

नोंदणी सक्तीची नव्हती. "नाव द्यायचं की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवायचं," असं त्या दारातच सांगून टाकत. तरी बरीच दारं तोंडावर लागली. सायकलवाल्याची आई तर फणकारलीच. "धाकटीचं लग्न व्हायचंय माझ्या. थोरलीची दवंडी कशाला पिटू?"

थोरलीचे पाय जन्मापासून लुळे. आत बसून ती भावाच्या दुकानातली वाकडी चाकं सरळ करायची. बाई पुन्हा गेल्या, पुन्हा गेल्या, तेव्हा एकदा तिनंच आतून विचारलं, "नाव देऊन काय होईल?"

"चाकाची खुर्ची मागता येईल. मिळेलच, असं नाही म्हणत. पण आपण आहोत हेच कुणाला ठाऊक नसेल, तर देणार कोण?"

"मग लिहा माझं."

आईनं तोंड फिरवलं, पण अडवलं नाही.

नाव दिलेल्यांच्या तपासणीच्या दिवशी भावानं तिला सायकलला जोडलेल्या गाड्यावरून कचेरीत आणलं. बघतात तर काय, नोंदणीचं टेबल वरच्या मजल्यावर! भावानं वाकून पाठ पुढे केली.

"पोत्यासारखी नेऊ नकोस मला, दादा," ती म्हणाली.

बाई एव्हाना अर्धा जिना चढल्या होत्या. त्या तशाच माघारी आल्या आणि खालच्या पायरीवर ठाण मांडून बसल्या.

वरून कारकून ओरडला, "अहो, तुम्हाला तर चढता येतं!"

"येतं की. पण आज नाही चढणार."

"कागद, शिक्के, सगळं वर आहे, बाई!"

"कागदांना पाय नाहीत, तुम्हाला आहेत. घेऊन या."

रांगेत हशा पिकला. मागचे काठीवाले आजोबाही बाईंशेजारी टेकले. जिना अडला, लोकांची कामं खोळंबली. कारकून बराच वेळ धुसफुसला, आणि शेवटी त्यानं शिपायाला घेऊन टेबल खाली उतरवलं. घाम पुसत त्यानं भावाला विचारलं, "हिचं नाव काय?"

"मला विचारा ना," थोरली म्हणाली.

खुर्ची काही लगेच आली नाही. बाईंनी हेलपाटे घातले, मग थोरली स्वतःच फोन करून कचेरीला भंडावू लागली. खुर्ची आली, तोवर बाई पलीकडच्या आळीत दारं ठोठावत होत्या.