यंत्राला टायटॅनियमचा गजरा

आश्विन शुद्ध नवमी, खंडेनवमी. काम: शेड धुणे, यंत्रांची पूजा करणे.

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत आमची छोटी शेड आहे. आमची म्हणजे माझी आणि माझ्या थोरल्या जावेची. दोघींचे नवरे नोकऱ्या करतात आणि आम्हाला सल्ले देतात. गेल्या वर्षापर्यंत आम्ही स्टीलचे बुश, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या छोट्या नळ्या, कातायचो. मग मी हट्टाने टायटॅनियमचं काम आणलं. मोडलेलं हाड जोडायला डॉक्टर स्क्रू बसवतात, ते आमच्या लेथवर होतात. ताई, म्हणजे जाऊबाई, तयार नव्हत्या. हा धातू पेटतो, असं त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं. शेवटी त्या म्हणाल्या, दसऱ्यापर्यंत करून बघू, मग ठरवू. त्यामुळे यंदाच्या खंडेनवमीला देवीपेक्षा मी ताईंना जास्त जपत होते.

त्यांची भीती घालवायला मी वर्षभर व्याख्यानं दिली होती. टायटॅनियमचा ठोकळा काही पेटत नाही, तो तापला तर नुसते रंग बदलतो, आधी गव्हाळ, मग जांभळा, मग निळा. तो रंग म्हणजे वर धरलेला ऑक्साइडचा पातळ थर. हेच ऑक्साइड भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं आणि ते जळत नाही. जळतो तो धातूचा पातळ कीस आणि भुकटी. त्यावर पाणी मारायचं नाही. तापलेला धातू पाण्यातून हायड्रोजन सोडवतो आणि भडका उडतो. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडंही चालत नाही, कारण त्यातलाही ऑक्सिजन हा धातू ओढून घेतो. वर कोरडी वाळू, ती नसेल तर कोरडं मीठ, हळूच घालायची आणि हात बांधून उभं राहायचं. हे मी इतक्या वेळा सांगितलं होतं, की आमचे लेथवाले चाचा मी तोंड उघडलं की पुढचं वाक्य स्वतःच म्हणून टाकायचे. चाचा बिडकीनहून येतात, तीस वर्षं लेथवर आहेत आणि मला भाभी म्हणतात.

तर खंडेनवमी. मला स्वच्छतेचा झटका येतो तेव्हा घरातली माणसं गच्चीवर जातात. शेडला गच्ची नाही. मी फरशी धुतली, खिडक्या धुतल्या, मग नजर गेली वाळूच्या लाल बादल्यांवर. वाळूत विड्यांची थोटकं आणि सुपारीचे तुकडे होते. मी बादल्या उपड्या केल्या आणि वाळू धुतली. चांगली तीन पाण्यांतून, तांदूळ धुवावेत तशी. धुऊन परत भरून ठेवली. मला स्वतःचं कौतुकच वाटलं.

एवढं करून लेथच्या पोटातला कीस गोळा होतो तो ट्रे मात्र तसाच राहिला. तो दिसत नाही ना.

दुसरी कल्पना याहून चांगली होती. ट्रेमधला कीस काढायचा राहिला तरी त्यातली निवडक वेटोळी मी काढली. हत्यार बोथट झालं की टायटॅनियमचा कीस तापतो आणि मोरपंखी, सोनेरी होऊन निघतो. इतका सुंदर की टाकवत नाही. झेंडू सगळेच लावतात. मी त्या वेटोळ्यांचा गजरा केला, ताईंच्या लग्नातल्या पितळी ताटात गोल मांडला आणि मधोमध निरांजन ठेवलं. ताट लेथसमोरच्या स्टुलावर.

चाचांनी ताट बघितलं. "भाभी, मशीन की शादी है क्या?"

ताई हळदकुंकू लावत होत्या. मला उकडत होतं म्हणून मी पंखा लावला.

निरांजनाची ज्योत वाकली आणि एका वेटोळ्याच्या टोकाला लागली. आधी तिथं उदबत्तीसारखा लाल ठिपका दिसला. तो सरकत गेला. मग एकदम पांढरा उजेड झाला, वेल्डिंगकडे उघड्या डोळ्यांनी बघावं तसा. ज्वाळा मोठी नव्हतीच, पांढरा धूर आणि डोळ्यात घुसणारा उजेड. ठिणग्या उडत होत्या आणि हातभर अंतरावर लेथच्या पोटात तो भरलेला ट्रे होता.

वर्षभर व्याख्यानं देणाऱ्या बाईने काय केलं? पूजेचा पाण्याने भरलेला तांब्या उचलला.

ताईंनी माझं मनगट धरलं. "पाणी नाय. तूच सांगितलंयस." मग बादलीकडे धावल्या, वाळूत हात घातला आणि माझ्याकडे बघितलं. वाळू चिंब ओली होती. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही.

चाचांनी तोवर पंखा बंद करून ट्रे बाहेर ओढला होता आणि ते तो दाराकडे फरफटत नेत होते. दुपारच्या वरणभातासाठी आणलेल्या पिशवीत मिठाच्या पुड्या होत्या. ताईंनी एक फोडली आणि लोणच्याच्या फोडींना लावावं तसं, कडेकडेने, न उधळता मीठ ताटात सोडलं. तडतड झाली. उजेड मंदावला, मग झाकला गेला. मी तांब्या धरून उभीच.

इथे थांबले असते तर थोडी इज्जत उरली असती. पण विझलं का ते बघायला मी उलथन्याने मिठाचा पापुद्रा उचलला. आतून पुन्हा पांढरा उजेड. ताईंनी दुसरी पुडी फोडली, उलथनं माझ्या हातातून काढून घेतलं आणि ते हातात धरूनच खुर्चीवर बसल्या. वरण त्या दिवशी अळणी झालं.

सगळं गार झाल्यावर बघितलं, तर गजऱ्याच्या जागी ताटाला भोक होतं आणि कडेला पांढरी राख. लेथला काही झालं नव्हतं. मी म्हटलं, ताई, तुमचं म्हणणं बरोबर होतं, दसऱ्यानंतर परत बुश करू. मनातून रडू येत होतं, पण ते दाखवायची माझी पद्धत नाही.

ताई ताटाच्या भोकातून बोट घालून बघत होत्या. "धातू बरा आहे," त्या म्हणाल्या. "तू सांगितलंस तस्साच वागला. तू नाय वागलीस."

"म्हणजे?"

"म्हणजे काम चालू ठेवायचं. पण ट्रे रोज तू रिकामा करायचा, चहाच्या आधी. आणि धुणं-सजवणं तुझ्याकडे नाय."

चाचा दाराशी उभे होते. म्हणाले, "और भाषण?"

"ते मी देईन," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दसरा, शेड बंद. मी उठले, घरी कुणालाही न सांगता स्कूटर काढली आणि शेडवर गेले. बाहेर काढलेला ट्रे ब्रशने झाडला, कीस झाकणाच्या कोरड्या पिंपात भरला, पिंप भिंतीपासून लांब ठेवलं. मग लेथखाली आडवी होऊन कोपऱ्यातली भुकटीही हलक्या हाताने काढली. निळी, सोनेरी वेटोळी खूप निघाली. सगळी पिंपात टाकली. ताईंना फोन करून ट्रे रिकामा झाल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, फोटो पाठव. पाठवला, आणि चहा प्यायला घरी गेले.