आमच्या घरची नल्ली

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी आमच्याकडे पाळणा हलेना, तेव्हा बंगळुरातल्या लेडी डॉक्टरने माझं ऑपरेशन केलं. गर्भाशयाकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या बंद होत्या, त्या तिने मोकळ्या केल्या. मी माहेरची साताऱ्याची. घरी येऊन सरळ सांगितलं, "नळ्या उघडल्या." सासूबाईंच्या कित्येक पिढ्या बंगळुरात गेलेल्या. त्यांच्या मराठीत पाण्याच्या नळाला नल्ली म्हणत. त्यांनी नल्लीच ऐकलं, आणि दुपारपर्यंत सबंध गल्लीला कळलं की सुनेच्या पोटातली नल्ली सुरू झाली. बायका रस्त्यात अडवून विचारायच्या, "अक्का, नल्ली बरी आहे नव्हं?" मी भडकायची. आमचे हे पेपराआड हसायचे.

मग दिवस राहिले, आणि एका सकाळी उजवीकडे अशी कळ आली की मी चुलीपुढेच कोसळले. गर्भ नळीतच रुजला होता, नळी फुटली होती. डॉक्टरने ती काढून टाकली. म्हणाली, "दुसरी आहे, पण तिच्यातही हेच होऊ शकतं. दुखलं की लगेच या."

सासूबाईंनी जोशीबुवांना विचारलं. परसातल्या नळाचं तोंड दक्षिणेला निघालं. झालं, दोष सापडला! नळ उखडून ईशान्येला बसवला, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि खणानारळाने त्याची ओटी भरली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! मला हसूही यायचं आणि भीतीही वाटायची. एकच नळी उरली होती आणि मला मूल हवं होतं, फार हवं होतं.

पुन्हा दिवस राहिले. सासूबाईंनी फर्मान काढलं, नल्ली घट्ट बंद करायची नाही, बाळाची वाट अडते. परसात चिखल झाला आणि शेजाऱ्यांची म्हैस तिथे मुक्कामालाच आली. तिलाही त्यांनी शुभशकुन ठरवलं. तिला हाकलत असतानाच मला डावीकडे कळ आली. घोड्याच्या जटक्यातून दवाखान्यात पोचेपर्यंत मी त्या म्हशीला शिव्या घालत होते. तीही नळी गेली.

शुद्धीवर आले तेव्हा सासूबाई उशाशी बसल्या होत्या. त्यांना पाहून माझं डोकंच फिरलं.

"अत्ते, दोन्ही काढल्या," मी म्हणाले. "आता मला मूल कधीच होणार नाही." त्यांना लागावं म्हणूनच बोलले.

त्या माझ्याकडे वाकल्या.

"म्हणजे आता तुला असं दुखायचं नाही नव्हं?"

"नाही."

"मग सरी. बरं झालं, बाई," त्या म्हणाल्या आणि माझे गार पडलेले पाय चोळू लागल्या.

तोवर मी रडले नव्हते.