खालच्या काठावरचं नाव

बदवी आमचा उस्ता, मुख्य कारागीर. त्याला माणसं रागीट म्हणत. मी चौतीस वर्षं त्याच्या शेजारी मांडी घालून शिवलं. तो रागीट नव्हता. त्याला कच्चं काम दिसायचं, बाकीच्यांना दिसायचं नाही, एवढंच.

कैरोतल्या आमच्या तंबूवाल्यांच्या गल्लीत एक लहान मशीद आहे. तिचं दार उत्तरेला. हिवाळ्यात मागच्या रांगेतले म्हातारे नमाजात कुडकुडत. दाराचा जुना पडदा फाटला तेव्हा समितीनं बदवीला नवा शिवायला सांगितला. जाड, आत कापूस, वर रंगीत कापडाची नक्षी.

दुसरा कुणी लगेच कात्री घेऊन बसला असता. बदवी तीन शुक्रवार दारासमोर नुसता उभा राहिला आणि लोक आत कसे जातात ते बघत बसला. चपला काढतात, डाव्या हातात लोंबत्या धरतात, उजवा पाय आत टाकतात आणि डाव्या कोपरानं पडदा सारतात. म्हणजे कमरेखालच्या कापडाला चपला घासणार. त्यावरून त्यानं नक्षी ठरवली. कमरेपर्यंत साधं गडद निळं कापड, टाके दुहेरी. मध्ये वेली. कुराणातली आयत डोक्याच्या वर, जिथे कुणाचं काही लागत नाही.

वेलींचा कागद चौपदरी दुमडून, सुईनं भोकं पाडून, कोळशाची पूड घासून नक्षी कापडावर उतरवली. अक्षरांना वेगळा कागद. घडीवर काढली तर निम्मी उलटी उमटतात. कापूस पिंजाऱ्याकडे दोनदा परत गेला, गाठी होत्या म्हणून. सात महिने लागले. किनार मी शिवली. त्यातली हातभर त्यानं उसवायला लावली. बरोबरच होतं.

कापडाचा खर्च हाज मितवल्लीचा. हजला जाऊन आलेला, इमारती बांधणारा माणूस. पडदा तयार झाला तसा तो आला. चहासुद्धा घेतला नाही.

"खालच्या काठावर माझ्या वडिलांचं नाव पाहिजे. हाज खैरल्लाह. मोठ्या अक्षरांत."

"वर चौकटीजवळ घालतो," बदवी म्हणाला.

"वर कोण बघतं, उस्ता? माणूस चपला काढायला वाकतो, तेव्हा नजर खालीच जाते."

"तिथेच चपला घासतात. खैरल्लाह. नावातच अल्लाह आहे, हाज. त्याला रोज पाच वेळा तळवे पुसायचे?"

"तुम्ही शिवणारे की मुफ्ती?"

"शिवणारा. म्हणून तर चपला कुठे लागतात ते मला ठाऊक."

"मग वडिलांचं नाव बदलून आणू?"

"नाव चांगलंय. जागा बदला."

समितीचे तिघं तिथेच उभे होते. हे सगळं त्यांनी ऐकलं. बदवीनं सुई ठेवली आणि तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, हे बघून तिघांनी पडदा माझ्यापुढे टाकला.

"झैनहुम, एका ओळीचं तर काम. हाजला कशाला दुखवायचं?"

मी शिवलं. मला कुणी मारणार नव्हतं. तरी शिवलं.

पडदा लागला. पाच आठवड्यांत नावाची शेवटची अक्षरं चपलांच्या डांबरानं काळी पडली. इमामांनी ते पाहिलं आणि पडदा तिथल्या तिथे उतरवला. आता त्यावर अल्लाहचं नाव आहे म्हणून टाकता येईना, आणि धुवायचा तर पाणी गटारात जाणार. फाटक्या कुराणांची पानं ठेवतात त्या कपाटात सात महिन्यांचं काम कोंबलं. दार उघडं. म्हातारे पुन्हा कुडकुडायला लागले. आणि ते तिघं गल्लीत सांगत फिरले, "बदवीनं तेव्हाच नीट समजावून सांगायला हवं होतं."

हे ऐकून माझं डोकं फिरलं. दुपारच्या नमाजानंतर मी कपाट उघडायला लावलं आणि दारातच पातं घेऊन बसलो. कुणीतरी मितवल्लीला बोलावलं.

"माझ्या बापाचं नाव फाडतोस?"

"उसवतोय. शिवलं मी होतं, हाज. तुम्ही नाही."

तेवढ्यात बदवी आला. हाताची घडी घालून उभा राहिला. टाके निघता निघेनात.

"घट्ट घातलेस," तो म्हणाला. पाच आठवड्यांतले पहिले शब्द.

"तुमच्याकडूनच शिकलो, उस्ता."

"कुठे घालायचे, तेही शिकवलं होतं."

मी वर पाहिलं नाही. उसवून झाल्यावर कापडाची ती अक्षरं स्वच्छ फडक्यात बांधून मितवल्लीच्या हातात दिली. "घरात लावा. उंच." त्यानं ती घेतली आणि गेला.

पडदा त्याच संध्याकाळी लागला. आजही आहे. बदवी मात्र माझ्या शेजारी पुन्हा बसला नाही. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जागा घेतली आणि मरेपर्यंत, चार वर्षं, तिथेच शिवलं. रोज माझ्या समोरून जायचा. सलाम करायचा, थांबायचा नाही. मी त्याच्या जागी असतो तर सलामही केला नसता.