टेबलाखालचे पाय

"आधी जोडणी बघू."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बोलणारा माणूस मला दिसलाच नव्हता. दिसले ते फक्त पाय. टेबलाखालून बाहेर आलेले, टाचांना भेगा, डाव्या अंगठ्याला चिकटपट्टी. दिवाळीच्या तोंडावर मी एडवणहून सरावलीला मुलाकडे राहायला आले, त्याला दोनच दिवस झाले होते. समोरच्या घराचं दार उघडं आणि आत हे पाय. मला वाटलं, माणूस गेला. मी हबकून हाक मारली, "कोन हाय का घरात?"

टेबलाखालून शांत आवाज आला, "मी आहे ना. मिक्सर बिघडला की पंखा? आधी जोडणी बघू."

प्रत्येक इमारतीत असा एखादा माणूस असतो, तुम्हीही पाहिला असेल. कोणाचं काही बंद पडलं की त्याच्याकडे जायचं. हा तारापूरच्या एका कारखान्यात फिटर होता, निवृत्त झालेला. मी त्याला फिटर म्हणायचे, तो मला मावशी. वयानं माझ्याहून फार लहान नव्हता.

ते टेबल म्हणजे प्लायवूडचा मोठा फळा. बाहेरची सगळी खोली त्यानंच खाल्ली होती. त्यावर पालघर ते बोईसर रेल्वे. मधे उमरोळी. अगरबत्तीच्या खोक्यांची स्टेशनं, इंजेक्शनच्या सुयांची नळकांडी उभी करून कारखान्यांच्या चिमण्या. वीतभर इंजिन आणि मागे चार डबे. एका कडेला निळा समुद्र रंगवला होता.

"रेल्वेतून समुद्र कुठं दिसतो?" मी म्हटलं.

"दिसत नाही. पण आहे ना?"

"एवढा बाप्या मानूस आनि खेळन्याशी खेळता."

"खेळणं नाही मावशी. औषध आहे. पाच वाजता या."

मी गेले. त्याच्या बायकोच्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं होतं. मुलीचं नाव नाही, नवऱ्याचं नाही. जेवण तर तोंडाजवळ नेलं की ओठ घट्ट. पण गाडी फिरत असली की ती बघायची, आणि गाडी बोईसरात शिरली की तोंड उघडायची. तेवढ्यात एक घास. पुन्हा फेरी, पुन्हा घास. असं का, ते मला विचारू नका. डॉक्टरलाही सांगता आलं नव्हतं. मी उभीच राहिले. मच्छी विकण्यात जन्म गेला, हरतऱ्हेचं बघितलं, पण हे बघितलं नव्हतं.

गाडी जायची आणि परत यायची एकाच रुळावरून. दोन्ही टोकांना रूळ फासासारखा गोल फिरून स्वतःलाच येऊन मिळायचा. गाडी त्या फासात शिरली की नेमक्या वेळी एक खटका उलटा करावा लागे, नाहीतर ती अडकायची. एक हात खटक्यावर, दुसऱ्यात चमचा. तीन वर्षं हा माणूस पाच वाजता घराबाहेर नव्हता. मनोरला भाचीचं लग्न होतं, तर अक्षता टाकून, न जेवता परत आला.

होळीच्या आधी त्यानं गाडी चालवायचं नवीन डिजिटल यंत्र मागवलं. जुनं सगळं काढून हे बसवणार. मला राग आला.

"चालतंय त्याला हात कशाला लावता?"

"हात लावायला लागू नये म्हणूनच," तो म्हणाला. मी काही ते मनावर घेतलं नाही.

यंत्र बसवलं. बटण दाबलं. लाल दिवा, पीं-पीं-पीं, बंद. इंजिन जागचं हललं नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

पहिल्या दिवशी बाईनं दोन चमचे पेज घेतली. दुसऱ्या दिवशी दूध ओठांतून बाहेर आलं. तिसऱ्या दिवशी काहीच नाही. डॉक्टर म्हणाला, उद्यापर्यंत बघू, मग दवाखान्यात आणा, नाकातून नळी घालू. फिटर सारखा टेबलाखाली. पाय तेवढे दिसायचे. एकेक वायर सोडवली, तपासली, पुन्हा लावली. इंजिनाचं पोट उघडलं. जुनं यंत्र परत लावा म्हटलं, तर त्यासाठी केलेली जोडणी त्यानं आधीच तोडून टाकलेली.

चौथ्या दिवशी दुपारी त्यानं पक्कड भिंतीवर फेकली. चुन्याचा टवका पडला. मी दारातच उभी होते. या माणसाचा चढा आवाजही कधी ऐकला नव्हता. बाई तशीच समोर बघत बसलेली, ओठ मिटून.

मी आत जाऊन बसले. माझ्या भावाची होडी आहे, त्याचं जाळं मी अजून विणून देते. फाटलेलं जाळं डोळ्यांना कळत नाही, बोटानं दोरा धरून जावं लागतं. मी काही विचार करून केलं नाही. टेबलाजवळ गेले आणि रुळावर बोट ठेवलं. डावीकडच्या रुळावर. हळूहळू फासाच्या वळणावरून पुढे नेलं.

"फिटर, तुमचा दोरा चुकलाय."

"मावशी, रूळ आहे तो."

"असंल. डावा दोरा धरला तो गोल फिरून उजव्यावर आला. दोन येगळे हायत ना? मग एक कसे झाले?"

तो टेबलाखालून बाहेर आला. त्यानं स्वतःचं बोट ठेवलं. वळणावरून नेलं. पुन्हा नेलं.

"इथे मी फट ठेवली होती," तो म्हणाला. "रूळ कापून. नव्या यंत्राला असलं काही लागत नाही, असं मला वाटलं. म्हणून..." तो खाली बसला. "मीच जोडली, मावशी. वायरी बघत बसलो. आणि इथे दोन रूळच एकमेकांना भिडून शॉर्ट होतंय."

"तीस वर्षं लोकांच्या जोडण्या बघितल्या ना?"

"बघितल्या."

"सोताची कोन बघनार?"

तो हसला नाही. उठला, करवतीचं पातं आणलं आणि ज्या रुळांवर मला पदरही लागू देत नसे ते दोन्ही टोकांना कराकरा कापले. मला बघवेना. मग खोक्यातून दोन लहान डब्या काढल्या. त्या यंत्राबरोबरच आलेल्या, पण जादा समजून ठेवून दिलेल्या. गाडी फासात शिरली की त्या आपोआप करंट उलटा करतात. म्हणजे तीन वर्षं त्याच्या हातानं केलेलं काम.

"बटण तुम्ही दाबा," तो मला म्हणाला.

"मी कशाला? माझ्या हाताला मच्छीचा वास हाय."

"दाबा."

मी दाबलं. इंजिनानं खरा भोंगा दिला. मी दचकून मागे सरले. गाडी पालघरहून सुटली, उमरोळी झाली, बोईसरात शिरली. बाईनं तोंड उघडलं.

मी घास दिला. वळून बघते तर फिटर बायकोकडे बघतच नव्हता. माझ्या बोटाकडे बघत होता. "आता बंद करा. पुन्हा चालू करा." असं तीनदा करायला लावलं. मला वाटलं, बिचारा आभार मानतोय.

त्यानंतर दोन-अडीच महिने गेले असतील. पाचच्या सुमारास मी मांदेली घेऊन गेले. दार उघडं. पाय टेबलाखालून बाहेर. लोंबणाऱ्या वायरी बांधून टाकायच्या आहेत असं तो आदल्या दिवशी म्हणाला होता. वर गाडी फिरत होती. मी पायांशी बोलत बसले, नेहमीसारखी. सून कशी तोंड वाकडं करते, पाणी कसं आलं नाही. मग बाईकडे लक्ष गेलं. गाडी बोईसरात शिरली की ती तोंड उघडत होती, थांबत होती आणि मिटत होती. पेजेची वाटी खुर्चीवर तशीच.

"फिटर, बाय तोंड उघडून बसलीय. जोडनी मागून बघा."

आवाज आला नाही. मी पायाला हात लावला. तसला गारवा कशाचा असतो ते समुद्राकाठच्या बाईला सांगावं लागत नाही.

पुढे मी जे केलं ते इमारतीत अजून लोकांना पटत नाही. मी ओरडले नाही. वाटी उचलली आणि बाईला भरवलं. एकदा माणसं जमली, रडारड झाली, की तिच्या जेवणाची आठवण कोणाला राहणार होती? गाडी फिरत राहिली. मी घास देत राहिले. थोडी पेज तिच्या पातळावर सांडली. वाटी संपली. तिचं तोंड पुसलं. बटण बंद केलं. मग बाहेर जाऊन शेजाऱ्यांना हाक मारली.

मुलगी बडोद्याहून आली, आता इथेच राहते आहे. तेराव्यानंतर चहा देताना मला म्हणाली, "बाबांना हृदयाचं कळलं होतं. मला सांगितलं नाही, कागद आता सापडले. दिवाळीत फोनवर फक्त एवढंच म्हणाले, आईची काळजी करू नकोस, गाडी अशी करतो की समोरच्या मावशींना नुसतं बटण दाबावं लागेल."

मी कप खाली ठेवला. दिवाळीत. तेव्हा यंत्र आलं नव्हतं, मी रुळाला बोट लावलं नव्हतं. तेव्हा मी त्याच्या गाडीला खेळणंच म्हणत होते. आणि या माणसानं मला नेमून टाकलं होतं.

परवा गाडी मधेच थांबली. लाल दिवा, पीं-पीं. मुलगी घाबरून कोणाला तरी फोन लावायला निघाली. "थांब," मी म्हटलं, "आधी जोडनी बघू." बोईसरजवळ रुळावर चमचा पडला होता. उचलला, रूळ पुसले, बटण दाबलं. भोंगा झाला. बाईनं तोंड उघडलं.

मुलगी भरवते, मी बटण दाबते. रोज, पाच वाजता. जाताना टेबलाखाली नजर जाते. तिथे वायरी नीट बांधलेल्या आहेत, अर्ध्यापर्यंत. पुढच्या तशाच लोंबताहेत.

त्यानं मला विचारायला हवं होतं. मी नाही म्हटलं नसतं. पण विचारायला हवं होतं.