छबुबाईची गच्ची

अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात छबुबाईनं तीस वर्षं आया म्हणून काढली. नवख्या डॉक्टरांना बाळ कसं धरायचं हे तिनंच दटावून शिकवलेलं, त्यामुळं कोट घातलेल्या माणसाची भीती तिला कधी वाटली नाही. रिटायर झाल्यावर ती उन्हाळ्यात कुरडया-पापड करून विकायला लागली. घराला अंगण नव्हतं, पण समोर मोठा मोकळा प्लॉट होता. चैत्र लागला की गल्लीतल्या बायका तिथं बाजा टाकून वाळवण घालायच्या. शेजारच्या शाईस्ताच्या शेवयाही तिथंच वाळायच्या.

त्या प्लॉटवर एक दिवस फलक लागला. पाच मजले, वीस फ्लॅट. प्लॉट तेलगावच्या मोहनरावांचा, बांधणारा त्यांचा मुलगा आदिनाथ. त्यानं प्लॉटवर मंडप टाकून गल्लीला चहाला बोलावलं. टेबलावर इमारतीचा छोटा नमुना मांडला होता. पुरुषमाणसांनी पाण्याचं विचारलं, गाड्यांचं विचारलं. मग छबुबाई उठली.

"आन् आमी कुरडया कुठं वाळवायच्या?"

मंडप हसला. आदिनाथही हसला. "मावशी, आता सगळं रेडिमेड मिळतं की!"

"मिळतं ना. मीच विकते," छबुबाई म्हणाली. तिनं नमुन्याच्या माथ्यावर बोट ठेवलं. "हितं काय हाय?"

"गच्ची. पण ती राहणाऱ्यांसाठी."

"मंग राहणाऱ्या बाया काय उशीखाली वाळवतील का पापड?"

या वेळी बायका हसल्या. आदिनाथचा चेहरा उतरला. कोपऱ्यात बसलेली रोहिणी मात्र वहीत काहीतरी लिहीत होती. ती बीडची, नकाशा तिनंच काढलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती छबुबाईच्या दारात हजर झाली.

"मावशी, वाळवणाला नेमकं काय काय लागतं?"

"सांगून कळत न्हाई. बस हितं."

तीन दिवस भिजवून वाटलेल्या गव्हाचा चीक चुलीवर रटरटत होता. छबुबाईनं रोहिणीच्या हातात सोऱ्या दिला. पाचव्या कुरडईलाच पोरीचे दंड भरून आले. शाईस्तानं तिला वाटीभर चीक दिला, वर तूप-गूळ. "खा बेटी, लई कामाचं डोकं हाय तुझं, हातांचं राहू दे." जाताना रोहिणीनं प्लॉटवर ऊन कुठून येतं, सावली कधी पडते, सगळं टिपून घेतलं.

आठ दिवसांनी नकाशा बदलला. पाण्याची टाकी उत्तरेच्या कोपऱ्यात सरकली, गच्चीवर नळ आला, आणि गल्लीकडून थेट वर जाणारा जिना. आदिनाथ वैतागून छबुबाईच्या दारात आला. "बाहेरच्या बायका वर हिंडल्या तर फ्लॅट कोण घेईल?"

"बाहेरच्या?" छबुबाई म्हणाली. "तू जल्मलास तवा तुला पयल्यांदा आंघोळ मी घातली, आदिनाथ. इचार तुझ्या आईला."

त्यानं खरंच फोन लावला. आई पलीकडून बराच वेळ बोलत राहिली. फोन ठेवून तो एवढंच म्हणाला, "चैत्र-वैशाख. सकाळी सहा ते चार. किल्ली तुमच्याकडं."

पुढच्या उन्हाळ्यात वरचा स्लॅब ओतून झाला, कठडा बांधून झाला. प्लास्टर व्हायचं होतं, तरी बायका चढल्याच. पांढऱ्या साड्यांवर कुरडयांच्या रांगा लागल्या. त्याच सकाळी एक मास्तर बायकोला घेऊन फ्लॅट बघायला आले. बाई गच्चीवर गेल्या त्या खाली येईनात. मास्तर शोधत वर आले तर बाई पदर खोचून सोऱ्या दाबत होत्या.

"अहो, हितंच घेऊ," त्या म्हणाल्या. आदिनाथनं ऐकलं आणि पहिल्यांदाच स्वतःहून बाज उचलून उन्हात सरकवली.

दुपारी छबुबाई गुडघे धरत खाली उतरली. रोहिणी जिन्यापाशीच उभी होती.

"पायऱ्या उंच झाल्यात गं तुझ्या."

रोहिणीनं वही काढली. "पुढच्या नकाशात किती कमी करू, मावशी?"

"चार बोटं," छबुबाई म्हणाली आणि तिला जेवायला घरी घेऊन गेली.